ब्लॅक अँड व्हाइट रोल कलर लॅबला द्यायचा, तर कुठला?

आजचा भाग एका प्रश्नावर आहे, आणि तो प्रश्न तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला विचारलाय. घरातला जुना रोलवाला कॅमेरा कपाटातून बाहेर काढला, सेल बदलला, शटर वाजतंय. आता ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढायचेत. पण जवळचा लॅबवाला म्हणतो, आमच्याकडे फक्त कलर रोल धुतो. मग कलर लॅबच्या मशीनमधून नीट बाहेर येईल असा ब्लॅक अँड व्हाइट रोल घ्यायचा, तर कुठला?

छोटं उत्तर लगेच देऊन टाकतो. आज दुकानात नवाकोरा मिळणारा असा रोल जवळजवळ एकच आहे, इलफर्ड कंपनीचा एक्सपी-२ सुपर. तेवढंच हवं असेल तर तुमचं काम झालं. पण मला यात जास्त रस आहे तो वेगळ्या गोष्टीत. एकेकाळी असे तीन-चार रोल बाजारात होते, त्यांच्यात निवड करता यायची. ते कुठून आले, का गेले, आणि त्या रोलवर काढलेला फोटो तुमच्या आजोबांच्या ब्लॅक अँड व्हाइट फोटोसारखाच असतो का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आहे, नसतो. दिसायला सारखा, पण आतून दुसऱ्याच वस्तूचा बनलेला.

हा प्रश्न माझाही आहे. मी केमचा. सोलापूर जिल्हा, करमाळा तालुका. मुंबई-सोलापूर रेल्वेमार्गावर जेऊर गेलं की कुर्डुवाडीच्या आधी आमचं स्टेशन लागतं. गावाचं नाव लोकांना माहीत आहे ते कुंकवामुळे. यंदा मला गावातल्या कुंकवाच्या कामाचे फोटो काढायचेत, ते फिल्मवर आणि ब्लॅक अँड व्हाइटमध्ये. म्हणजे लाल रंगाचं काम, बिनलाल फोटोत. त्यासाठी रोल निवडताना जे वाचलं, जे समजलं, ते आज सांगतो.

हळदीचा डाग

सगळ्यात आधी थोडं रसायनशास्त्र. घाबरू नका, आपल्या स्वयंपाकघरातलंच आहे.

साध्या, जुन्या ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर चांदी असते. लाक्षणिक अर्थानं नाही, खरीखुरी. फिल्मच्या थरात चांदीच्या क्षारांचे बारीक कण असतात. ज्या कणांवर प्रकाश पडला, त्यांची डेव्हलपरमध्ये शुद्ध चांदी होते, आणि ती इतकी बारीक असते की काळी दिसते. ज्यांच्यावर प्रकाश पडला नाही, ते कण हायपोमध्ये विरघळून निघून जातात. तुमच्या घरातली जुनी निगेटिव्ह उजेडासमोर धरा. तिच्यातला काळा भाग म्हणजे धातू आहे.

कलर फिल्ममध्येही सुरुवात चांदीनंच होते. पण तिथे थरात आणखी एक पदार्थ मिसळलेला असतो, त्याला कपलर म्हणतात. चांदीचा कण डेव्हलप होताना आजूबाजूचा डेव्हलपर बदलतो, तो बदललेला डेव्हलपर कपलरला भेटतो आणि तिथे रंग तयार होतो. हळदीच्या डागाला साबण लावला की तो झटकन लाल होतो, हे प्रत्येकानं पाहिलंय. लाल रंग साबणात नव्हता, हळदीतही दिसत नव्हता. दोघं भेटल्यावर तो झाला. हळदीला चुन्यासारखा क्षार लागला की ती लाल होते, आणि कुंकू करण्याची जुनी रीत याच गुणावर उभी आहे. कलर फिल्मचं कामही साधारण असंच. रोलमध्ये रंग भरून ठेवलेला नसतो, रंग होण्याची तयारी भरून ठेवलेली असते.

रंग तयार झाला की चांदीचं काम संपलं. मग ब्लीच आणि फिक्सर मिळून ती सगळी चांदी फिल्ममधून काढून टाकतात. कलर निगेटिव्हमध्ये शेवटी उरतो फक्त रंग. चांदी शून्य.

आता यातून दोन गोष्टी निघतात. पहिली : साधा ब्लॅक अँड व्हाइट रोल, समजा इलफर्डचा एचपी-५ किंवा कोडॅकचा ट्राय-एक्स, तुम्ही कलर लॅबला दिलात तर काय होईल? डेव्हलपरमध्ये चित्र उमटेल, ब्लीचमध्ये चांदी सुटेल, फिक्सरमध्ये ती वाहून जाईल. कपलर नसल्यामुळे मागे रंगही उरणार नाही. तुमच्या हातात कोरी पट्टी येईल, आणि त्यावर काही उपाय नाही. म्हणून लॅबवाला नाही म्हणाला तर त्याच्यावर चिडू नका, तो तुमचे फोटो वाचवतोय.

दुसरी गोष्ट हळदीच्या त्याच डागाची. तो लवकर जात नसेल तर आपली आई काय करते? कपडा उन्हात वाळत टाकते. दोन दिवसांत डाग उडतो. सेंद्रिय रंगाला प्रकाश, उष्णता आणि वेळ सोसत नाही. कुठला रंग लवकर जातो, कुठला उशिरा. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बर्फ, पाणी आणि मशीन

मग कलर लॅबच्या मशीनमध्ये जाणारा ब्लॅक अँड व्हाइट रोल कुणाला आणि का सुचला? त्यासाठी आधी फोटो धुण्याचं काम हातातून मशीनकडे कसं गेलं ते बघू.

सुरुवातीला हे घरात बसून करण्याचं काम होतं. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' केला, तो १९१३ साली लोकांसमोर आला. त्या काळी कोरी फिल्म कडेच्या भोकांशिवाय यायची. सरस्वतीबाई फाळके घरी बसून त्या पट्टीला भोकं पाडायच्या आणि फिल्म धुण्याच्या कामातही हात द्यायच्या. आपल्या सिनेमाची पहिली लॅब म्हणजे दादरचं एक राहतं घर होतं.

पुढे तालुक्याच्या गावांत फोटो स्टुडिओ आले, तिथेही एक लाल दिव्याची डार्करूम असायची. फोटोग्राफर स्वतः फोटो काढायचा, स्वतः धुवायचा, स्वतः कॉपी काढायचा. मालही देशातला मिळू लागला. उटीला १९६० साली सरकारी कंपनी सुरू झाली, हिंदुस्थान फोटो फिल्म्स. तिच्या मालाचं नाव होतं 'इंदू'. आणि घराघरांत पोचलेला कॅमेरा होता आगफा क्लिक थ्री, जो बडोद्याला बनायचा. एका रोलवर बारा चौकोनी फोटो.

ब्लॅक अँड व्हाइट फिल्म साधारण २० अंश सेल्सिअसला धुतात. आता तुम्ही सोलापूर जिल्ह्यातला मे महिना डोळ्यांसमोर आणा. बाहेर पारा चाळिशीच्या पुढे, टाकीतलं पाणी हाताला चटका देणारं. अशा पाण्यात फिल्मचा जिलेटिनचा थर मऊ पडतो आणि सुटायला लागतो. म्हणून उन्हाळ्यात डेव्हलपरच्या भांड्याभोवती बर्फ ठेवायचा. शिवाय हायपो निघून जाईपर्यंत फिल्म आणि कॉपी वाहत्या पाण्यात धुवायच्या. दुष्काळी भागात एवढं पाणी आणायचं कुठून, हाही प्रश्नच.

अशात आलं १९७२ साल. आपल्याकडे हे दुष्काळाचं साल, घरातली म्हातारी माणसं अजून वयाचा हिशोब त्यावरून लावतात. त्याच वर्षी अमेरिकेत कोडॅकनं कलर निगेटिव्ह धुण्याची नवी पद्धत आणली, सी-४१. आजपर्यंत जगभरातल्या कलर लॅब हीच पद्धत वापरतात. डेव्हलपरचं तापमान ३७.८ अंश, वेळ ३ मिनिटं १५ सेकंद. तापमानात अर्ध्या अंशाचीही चूक चालत नाही. कुठलाही कलर निगेटिव्ह रोल असो, कुठल्याही कंपनीचा, वेळ तीच आणि तापमानही तेच. सगळ्यांना एकच माप लावलं की काम माणसाकडून मशीनकडे द्यायला सोपं जातं.

ते मशीन दिलं जपाननं. १९७०च्या दशकाच्या अखेरीस नोरित्सू कंपनीनं दुकानात मावेल एवढी लॅब बाजारात आणली, तिचं नाव क्यूएसएस. आपल्याकडच्या जुन्या फोटो स्टुडिओंच्या पाट्या आठवा, किंवा आईबाबांना विचारा. 'क्यूएसएस कलर लॅब' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असायचं. ते एका मशीनचं नाव आहे हे वाचणाऱ्या कित्येकांना ठाऊकही नसेल. एका बाजूनं रोल घाला, दुसऱ्या बाजूनं कॉपी घ्या.

याचा परिणाम उलटा झाला. कलर आधी महाग, मग स्वस्त, मग एकमेव. मशीन दिवसभर चालू, डार्करूममध्ये मात्र कुणी जाईना. जिथे ब्लॅक अँड व्हाइट हे साधं रोजचं काम होतं, तिथेच ते खास काम होऊन बसलं. थांबा, वेगळं करावं लागेल, आठ दिवस लागतील, पैसे जास्त पडतील.

मशीनला चालेल असा करडा रंग

या अडचणीवर फिल्म कंपन्यांनी काढलेली वाट म्हणजे आपला आजचा विषय. डार्करूम परत आणता येत नसेल, तर फिल्मच बदलू. कलर फिल्मसारखी कपलरवाली फिल्म करायची, पण तीन वेगळे रंग उमटवण्याऐवजी सगळे कपलर मिळून एकच करडा-काळा रंग तयार करतील अशी. मशीनला कळणारही नाही की हा कलर रोल नव्हे.

१९८०च्या सुमारास दोन कंपन्या जवळजवळ एकदमच हे घेऊन आल्या. इंग्लंडच्या इलफर्डचा एक्सपी-१ आणि जर्मनीच्या आगफाचा व्हॅरिओ-एक्सएल. वेळही बघा. जानेवारी १९८० मध्ये अमेरिकेत हंट बंधूंच्या सट्ट्यामुळे चांदीचा भाव औंसाला ५० डॉलरच्या आसपास गेला होता, आणि वर्षभरापूर्वी तो सहा-सात डॉलर होता. साध्या ब्लॅक अँड व्हाइट फिल्ममध्ये चित्राची चांदी गिऱ्हाइकाच्या घरी जाते. या नव्या फिल्ममध्ये सगळी चांदी लॅबच्या रसायनात उतरते आणि ती परत गोळा करता येते. त्या दिवसांत हा गुण कुणाच्या नजरेतून सुटला नसणार.

आगफाचा रोल फार टिकला नाही. इलफर्डनं १९९१ मध्ये एक्सपी-२ आणला आणि त्याच दशकाच्या अखेरीस सुधारलेला एक्सपी-२ सुपर. कोडॅकही मैदानात उतरली, आधी टी-४००सीएन आणि २००४ मध्ये बीडब्ल्यू-४००सीएन. म्हणजे २००५ सालच्या फोटोग्राफरपुढे खरोखर निवड होती. ती कशावर करायची?

एका नारिंगी रंगावर. कलर निगेटिव्ह तुम्ही पाहिली असेल तर ती सगळी नारिंगी दिसते. तो रंग मुद्दाम दिलेला असतो, कलर कॉपी काढताना चुका भरून काढायला, आणि कलर मशीन तो आहे असं धरूनच चालतं. कोडॅकनं आपल्या ब्लॅक अँड व्हाइट रोललाही तो नारिंगी रंग दिला. त्यामुळे कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये कलर पेपरवर कॉपी काढली तरी ती बऱ्यापैकी नीट करडी यायची. इलफर्डनं तो दिला नाही, पट्टी जवळजवळ स्वच्छ ठेवली. त्यामुळे डार्करूममध्ये खऱ्या ब्लॅक अँड व्हाइट पेपरवर कॉपी काढायला इलफर्ड सोपा. पण तोच रोल कलर मशीनवर घातला आणि चालवणाऱ्यानं लक्ष दिलं नाही, तर कॉपीवर हिरवट, जांभळट किंवा तपकिरी झाक यायची.

म्हणजे निवड फिल्मच्या दर्जाची कमी आणि पुढे कॉपी कोण काढणार याची जास्त होती. कोडॅक धरून चालली होती की कॉपी मशीन काढेल. इलफर्डनं डार्करूमचं दार थोडं उघडं ठेवलं.

पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. मोबाइल आला, कोपऱ्यावरच्या लॅबला रोल मिळेनासे झाले. २०१२ च्या जानेवारीत कोडॅकनं दिवाळखोरीचा अर्ज केला आणि २०१४ मध्ये बीडब्ल्यू-४००सीएन बंद केला. जो रोल मशीनवर अवलंबून होता, तो मशीनबरोबर गेला. इलफर्डही २००४ मध्ये बुडायला आली होती, पण तिथल्याच माणसांनी हार्मन नावानं कारभार पुढे चालवला. म्हणून आज आपल्या हातात एक्सपी-२ सुपर आहे.

कुंकू करडं कसं दिसेल?

आता माझ्या कामाकडे येतो. पिवळी हळद, लाल कुंकू, ते हाताळणारे हात. ब्लॅक अँड व्हाइट फोटोत हे लाल नक्की कसं दिसेल?

ते फिल्मवर ठरतं. अगदी सुरुवातीच्या फिल्म लाल रंगाला आंधळ्या होत्या, त्यांना निळा प्रकाश तेवढा कळायचा. १८७३ मध्ये बर्लिनला हेर्मान फोगेल यांना दिसलं की फिल्मच्या थरात ठरावीक रंगद्रव्य मिसळलं तर तिला हिरवाही दिसू लागतो. लाल दिसायला विसावं शतक उजाडलं, आणि लाल दिसणाऱ्या फिल्मचा सर्रास वापर व्हायला १९२०चं दशक संपत आलं. त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीच्या मराठी घरातले फोटो पाहिलेत, तर बायकांच्या कपाळावरचं कुंकू कुळकुळीत काळं दिसतं. ते काजळ नव्हे, फिल्मला लाल दिसत नव्हतं. डार्करूममध्ये लाल दिवा चालायचा तोही याच कारणानं.

आजचे सगळे नेहमीचे रोल, एक्सपी-२ सुद्धा, लाल बघू शकतात. त्यांच्यावर कुंकू मध्यम करडं येतं आणि हळद फिकट. अडचण अशी की गर्द लाल आणि गर्द हिरवा हे दोन्ही जवळजवळ सारखेच करडे येऊ शकतात. हिरव्या साडीवर सांडलेलं कुंकू फोटोत शोधावं लागेल. यावर उपाय म्हणजे लेन्सवर रंगीत काच, म्हणजे फिल्टर. हिरवा फिल्टर लावला की कुंकू गडद होतं आणि साडी उजळते. लाल फिल्टर लावाल तर उलटं, कपाळावरचं कुंकू त्वचेच्या रंगात मिसळून जवळजवळ नाहीसंच होईल. केममध्ये फोटो काढायला जाणाऱ्यानं लाल फिल्टर घरी ठेवावा, एवढं नक्की.

आणखी एक मार्ग आहे. साधा कलर निगेटिव्ह रोल वापरायचा, स्कॅन करायचा आणि कॉम्प्युटरवर ब्लॅक अँड व्हाइट करायचा. इथे लाल किती गडद ठेवायचा हे घरी बसून निवांत ठरवता येतं. कलर लॅबला काही वेगळं सांगावंही लागत नाही. ज्याचं काम रंगांवर चालतं अशा विषयाला हा मार्ग खरंच चांगला आहे, त्याला कमी लेखू नका.

टिकतं काय?

मग मी सरळ कलर रोल किंवा एक्सपी-२ घेऊन मोकळा का होत नाही? कारण तो हळदीचा डाग.

आमच्याच घरातल्या फोटोंचं सांगतो. साठ-सत्तरच्या दशकातले ब्लॅक अँड व्हाइट फोटो पत्र्याच्या पेटीत पडलेले, कुणी जपले नाहीत, तरी माणसं ओळखू येतात. त्यानंतरच्या लग्नांचे कलर अल्बम गोदरेजच्या कपाटात, प्लॅस्टिकमध्ये, नीट ठेवलेले. ते सगळे लालसर झालेत. नवरदेवाचा निळा सूट तपकिरी दिसतो. हे आमच्याच घरी झालं असं नाही. त्या काळच्या कलर कॉपीतला निळसर रंग सगळ्यात कच्चा असायचा, तो आधी जायचा आणि मागे लालसर छटा उरायची.

हे सिनेमावाल्यांना फार आधी कळलं होतं, आणि त्यांचा उपाय ऐकण्यासारखा आहे. मोठ्या स्टुडिओंनी आपले कलर सिनेमे जपायला ब्लॅक अँड व्हाइट फिल्म वापरली. एका कलर सिनेमाच्या तीन ब्लॅक अँड व्हाइट प्रती काढायच्या. एकीत फक्त लाल किती ते, दुसरीत हिरवा किती, तिसरीत निळा किती. तिन्ही चांदीच्या. पुढे कधी मूळ रंग उडाला, तर या तिघी एकत्र करून सिनेमा पुन्हा रंगीत करता येतो.

खरं तर रंगीत सिनेमा जन्मलाच होता तसा. सुरुवातीच्या बायपॅक पद्धतीत कॅमेऱ्यात दोन ब्लॅक अँड व्हाइट फिल्म एकमेकींना चिकटून चालायच्या. पुढची निळा-हिरवा टिपायची, मागची लाल. रंग द्यायचं काम पुढे लॅबमध्ये. आर्देशिर इराणींच्या कंपनीचा १९३७ सालचा 'किसान कन्या' अशाच सिनेकलर पद्धतीनं झाला. त्याच्याही आधी, १९३३ मध्ये, कोल्हापूरच्या प्रभातनं 'सैरंध्री' रंगीत करायचं धाडस केलं होतं. व्ही. शांताराम त्यासाठी जर्मनीला गेले, तिथल्या लॅबमध्ये रंगाचं काम झालं, आणि रंग मनासारखे आले नाहीत. कोल्हापूरचा सिनेमा, जर्मनीची लॅब. आपला रोल दुसऱ्याच्या मशीनमध्ये दिल्यावर काय बाहेर येईल याची धाकधूक आपल्याकडे तेव्हापासूनची आहे.

गंमत म्हणजे प्रभातचाच १९३७ सालचा सिनेमा, 'कुंकू', पूर्ण ब्लॅक अँड व्हाइट. नावात लाल, पडद्यावर करडा. आणि तो आजही बघता येतो.

पण चांदी म्हणजे अमरपट्टा, असंही समजू नका. हायपो नीट धुतला नाही तर चांदीचा फोटो पिवळा पडतो, दमट जागी बुरशी धरते. आणि चांदी ज्या पट्टीवर बसली आहे ती पट्टीही टिकायला हवी. जुन्या सिनेमांची नायट्रेटची पट्टी भडकन पेट घेते. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या गोदामाला आग लागली आणि प्रभातच्या सिनेमांची मूळ रीळं त्यात गेली. ज्यांच्या प्रती आधीच दुसऱ्या फिल्मवर काढून ठेवल्या होत्या, ते सिनेमे तेवढे वाचले. म्हणून कुठल्याही रोलवर काढा, पण दुसरी प्रत ठेवा, हे पहिलं.

तर मग कुठला रोल?

आता सगळं एकत्र करून सांगतो.

घरच्यांचे, मित्रांचे, प्रवासातले फोटो असतील, आणि ते फोनवर बघायचे असतील, तर एक्सपी-२ सुपर घ्या. तो ४०० आयएसओचा आहे, पण कंपनीच सांगते की ५० पासून ८०० पर्यंत कुठेही चालवा, एकाच रोलवर सुद्धा, लॅबला काही बदलायला सांगायची गरज नाही. बाहेर उन्हात २०० धरा, म्हणजे फोटो जरा जास्त प्रकाशात निघेल आणि रवा आणखी बारीक येईल. शेडमध्ये, अंधाऱ्या खोलीत ८०० धरा. रोल देताना लॅबवाल्याला खोक्यावरचं 'सी-४१' दाखवा, नाहीतर 'ब्लॅक अँड व्हाइट' वाचून तो परत देईल. कॉपीपेक्षा स्कॅन मागा आणि तो ग्रेस्केलमध्ये मागा, म्हणजे हिरवट-जांभळट झाकेचा प्रश्न मिटला. स्कॅनरचं धूळ काढणारं इन्फ्रारेड तंत्र या फिल्मवर चालतं. चांदीच्या फिल्मवर ते चालत नाही, कारण त्याला चांदी आणि धूळ यातला फरक कळत नाही.

ऑनलाइन कुणी जुना बीडब्ल्यू-४००सीएन 'दुर्मीळ' म्हणून विकत असेल तर सोडून द्या. २०१४ ला बंद झालेला रोल, कुठल्या उन्हातान्हात पडून होता कोण जाणे. प्रयोग म्हणून ठीक, पण पुन्हा न येणाऱ्या प्रसंगाला नको.

रंगांचा खेळ असेल, लाल-हिरवं-पिवळं नंतर ठरवायचं असेल, तर साधा कलर रोल आणि कॉम्प्युटर.

आणि ज्या कामाची पन्नास वर्षांनी कुणाला तरी गरज पडेल असं वाटतं, ते चांदीच्या फिल्मवर काढा आणि कलर लॅबच्या जवळपासही नेऊ नका. ब्लॅक अँड व्हाइट धुणाऱ्या लॅबला कुरिअर करा किंवा घरी धुवा. हे वाटतं तेवढं अवघड नाही. एक झाकणाचा टँक लागतो, रोल टँकमध्ये चढवण्यापुरता पूर्ण अंधार, आणि पुढचं सगळं उजेडात. आपल्याकडे २० अंश जमत नसेल तर २४ अंशाला, वेळ कमी करून, बहुतेक डेव्हलपर चालतात. बर्फाचे चार खडे आता प्रत्येकाच्या फ्रिजमध्ये आहेत.

माझं ठरलंय. केमच्या कामात माणसांचे चेहरे आणि हात मी चांदीच्या रोलवर काढणार, घरी धुणार, हायपो जाईपर्यंत पाणी बदलत राहणार. आजूबाजूचं गाव, स्टेशन, बाजार एक्सपी-२ वर, आणि तो रोल कलर लॅबला. एक रोल साधा कलर, कारण लाल नेमकं किती लाल होतं हेही कुठेतरी नोंदलेलं असावं. सगळ्यांचे स्कॅन दोन ठिकाणी.

तुम्हाला एक काम देतो. घरात निगेटिव्हची जुनी पाकिटं असतील तर ती या आठवड्यात शोधा. पट्टी खिडकीसमोर धरा. नारिंगी असेल तर ती रंगाची आहे, तिचे दिवस मोजलेले आहेत, आधी ती स्कॅन करा. स्वच्छ करडी-काळी असेल तर बहुधा चांदीची आहे, तिच्याकडे अजून वेळ आहे. फोटोत कोण आहे हे मात्र दोन्हींच्या बाबतीत आजच विचारून घ्या आणि पाकिटावर पेन्सिलीनं लिहून ठेवा. आजी-आजोबा असताना हे दहा मिनिटांचं काम आहे.

ऐकत राहा, आणि पाकिटात काय सापडलं ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.